डावा हात आणि पिवळा ठिपका

वायरमनच्या धंद्यात नवीन माणसाला पहिल्याच दिवशी एक वाक्य ऐकवतात: उजवा हात पगार आणतो, डावा हात माणसाला घरी आणतो. खांबावर चढल्यावर कमरेचा पट्टा खांबाभोवती अडकवेपर्यंत उजवा हात पट्ट्याशी झटापट करत असतो आणि अख्खा माणूस डाव्या हाताच्या भरवशावर असतो. वेळ थोडाच, पाच-सहा श्वासांचा. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत या वायरमनने असे पाच-सहा श्वास रोज काढले आणि डाव्या हाताचा कधी विचारही केला नाही. गुणी मुलाकडे घरात कोणाचं लक्ष नसतं, त्यातलाच प्रकार.

बावन्नाव्या वर्षी त्याचं लक्ष डाव्या हाताकडे गेलं ते मोटरसायकलमुळे.

मोटरसायकल एकोणीस वर्षांची होती. टाकीच्या दोन्ही बाजूंचा रंग गुडघे घासून उडाला होता, मागच्या सीटला दोन ठिगळं होती आणि चावी न लावताही दिवा पेटायचा. पण एका लाथेत सुरू व्हायची आणि शिडी बांधलेली असली तरी चढाला दमायची नाही. अडचण एकच होती, क्लच. वर्षभरापूर्वी तो दोन बोटांनी दाबला जायचा, मग चार बोटं लागू लागली. आता बाजाराच्या रस्त्यावर, जिथे दर दहा पावलांना थांबावं लागतं, तिथे वायरमन मनगट वाकवून, खांदा पुढे काढून क्लच ओढायचा. कचेरीत पोहोचेपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी कोणीतरी खिळा ठोकल्यासारखं व्हायचं.

दुसऱ्या कोणाचा क्लच असा जड झाला असता तर त्याने गाडीला शिव्या घातल्या असत्या. वायरमनने घातल्या नाहीत. त्याला वडील आठवले.

वडील सुतार होते. चोपन्नाव्या वर्षी काम करता करता त्यांच्या डाव्या हातातून पटाशी सुटून पायावर पडली. घरात सगळे पायाकडे बघत बसले. मग चहाचा कप सुटला, मग सदऱ्याची बटणं लावता येईनात, आणि तीन वर्षांत तो हात त्यांच्या मांडीवर दुसऱ्या कोणाचा तरी ठेवायला दिल्यासारखा पडून राहिला. डॉक्टरांनी दुखण्याचं एक लांबलचक नाव सांगितलं होतं. वडिलांनी ते कधी लक्षात ठेवलं नाही. मुलाने ठेवलं.

त्यामुळे वायरमन डॉक्टरकडे गेला नाही. ते नाव आपल्याला परत ऐकायचं नाही, एवढं त्याने ठरवलं होतं. तो गॅरेजात गेला.

गॅरेज बायकोच्या धाकट्या भावाचं. लोक त्याला ‘ठिपके’ म्हणत. हे आडनाव नव्हे. तो जो नट आवळेल त्याच्यावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा. ही त्याची सही. उद्या गिऱ्हाईक भांडायला आलं, तर ठिपका असला तर ठिपके जबाबदार, नसला तर जा बाबा, जिथे खोललंस तिथे जा. वायरमनच्या मोटरसायकलवर इतके पिवळे ठिपके होते की लांबून तिला गोवर आल्यासारखा वाटायचा. दुसऱ्या गॅरेजचा पाना तिला कधी लागलाच नव्हता. लागणं शक्यही नव्हतं, त्याचं कारण पुढे येईल.

ठिपकेने गाडी स्टँडवर घेतली, हात फडक्याला पुसले आणि क्लचचा लिव्हर दोन बोटांनी दाबला. ठिपकेचं मनगट साध्या माणसाच्या पोटरीएवढं होतं. लहानपणापासून त्याने गंजलेले नट फिरवले होते. त्या बोटांना लोखंडी दारही हलकंच लागलं असतं.

“भाऊजी, लोणी आहे लोणी,” ठिपके म्हणाला.

“मला जड जातो रे.”

“केबल नवी आहे. गेल्या वर्षी मीच टाकलीय. हा बघा ठिपका.”

“तो दिसतो. पण जातो जड.”

ठिपकेने लिव्हरच्या फटीत तेलाचे दोन थेंब सोडले, चारदा दाबलं आणि आवाज खाली आणला. आवाज खाली आणून बोललं की वाईट वाटत नाही, असा त्याचा समज होता. “राग मानू नका, पण वय कोणाला चुकलंय? गाडीचं मी बघतो, हाताचं तुम्ही बघा.”

ही भेट फेब्रुवारीतली. मार्चमध्ये वायरमन पुन्हा गेला, पुन्हा दोन थेंब घेऊन आला. एप्रिलमध्ये गेलाच नाही. ठिपकेचं म्हणणं त्याला पटलं होतं. पटायला ते सोपं होतं, कारण त्याला आधीपासून तेच वाटत होतं.

मग पक्कडीचा प्रसंग घडला. बाजारामागच्या खांबावर फ्यूज गेला होता. वायरमन गर्दीतून वाट काढत, शंभरदा क्लच ओढत तिथे पोहोचला आणि लगेच वर चढला. पट्टा अडकवला, काम सुरू केलं, तार वळवताना क्षणभर पक्कड डाव्या हातात घेतली आणि ती सुटली. खाली एका भाजीवालीच्या छत्रीवर आपटून टोपलीत पडली. भाजीवालीने वर बघून त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. वायरमनने खाली उतरून माफी मागितली, पक्कड घेतली आणि पुन्हा वर चढला. या खेपेला पट्टा अडकवेपर्यंत त्याने श्वासच घेतला नाही.

त्या दिवसापासून तो खांबाला मिठी मारून चढू लागला. सोबतच्या लोकांना गंमत वाटली. “काय हो, खांबाशी सोयरीक जमली का?” एकाने विचारलं. वायरमन हसला. आपला हात उद्या सुटला तर खाली उभा असलेला हाच माणूस शिडी धरून असेल, हेही त्याच्या मनात येऊन गेलं.

शेवटी एका शुक्रवारी त्याने अर्ज लिहिला: मला खांबावरच्या कामातून मोकळं करून तक्रारींच्या खिडकीवर बसवावं. कारणाच्या जागी ‘प्रकृती’ एवढाच शब्द. शनिवारी दुपारी त्याने तो फोरमनच्या टेबलावर ठेवला.

फोरमन निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा माणूस. वायरमनला पहिल्या दिवशी डाव्या हाताचं ते वाक्य ऐकवणारा तोच. त्याने अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला.

“खिडकीवर बसणार? तू?”

“हो साहेब.”

“तिथे लोक फोनवरून शिव्या देतात. खांब शिव्या देत नाही.”

“माहीत आहे.”

“नियमही माहीत असेल. एकदा खाली आलेला माणूस परत वर जात नाही. पुढे मला हात बरा वाटतो, मला करमत नाही, असलं काही चालत नाही. कागद एकदाच फिरतो.”

“तेही माहीत आहे.”

फोरमनने अर्ज खणात टाकला. “सोमवारी दहाला वर पाठवतो. आज शनिवार आहे. तुझ्याकडे रविवार आहे.”

वायरमनने हे बायकोला सांगितलं नव्हतं. बोलायचं कसं, हा प्रश्न होता. वडिलांच्या हाताची शेवटची तीन वर्षं सुनेनेच काढली होती. जेवण भरवणं, बटणं लावणं, सगळं. तिला पुन्हा तेच वाढून ठेवलंय हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

रविवारी सकाळी मात्र त्याने सांगून टाकलं. ती ओट्यापाशी साखरेचा डबा भरत होती, तो दाराला टेकून उभा होता. क्लच, पक्कड, अर्ज, सोमवार, सगळं त्याने एका दमात सांगितलं, तक्रारीच्या वहीत नोंद करावी तसं. वडिलांचं नाव घेतलं नाही. तिला कळायचं ते कळलं.

तिने ओट्यावरची बरणी पुढे ओढली. मग म्हणाली, “काल ही बरणी कोणी उघडली?”

“कुठली?”

“ही. झाकण बसलं होतं. माझ्याने निघेना, शेजारणीच्या नवऱ्याच्याने निघेना. तुम्ही आलात, बूट काढायच्या आधी उघडून दिलीत.”

“मग?”

“बरणी कोणत्या हातात धरली होतीत?”

वायरमनने उजवा हात हवेत फिरवून बघितला. झाकण उजव्याने फिरवलं होतं. म्हणजे बरणी डाव्यात होती. काचेची, गुळगुळीत, तेलकट हातांनी हाताळलेली बरणी. ती जागची हललीही नव्हती.

“एखाद्या वेळी होतं तसं,” तो म्हणाला.

“आणि क्लच? तो एखाद्या वेळी होत नाही वाटतं?” ती डब्याचं झाकण लावत म्हणाली. “तुम्हीच सांगता ना, टेस्टर पेटला नाही म्हणून तार मेली असं समजू नये. मला किती वेळा ऐकवलंय. पंख्याचं बटण दुरुस्त करतानासुद्धा व्याख्यान.”

ती खोटं बोलत नव्हती. फोरमनने शिकवलेला हा दुसरा नियम. तारेत वीज नाही असं म्हणायच्या आधी टेस्टर एका चालू तारेवर लावून बघायचा. तिथे पेटला तर टेस्टर शहाणा. मग बंद तार तपासायची, आणि त्यानंतर टेस्टर पुन्हा एकदा चालू तारेवर. बिघडलेला टेस्टर प्रत्येक तार मेलेली दाखवतो, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारा माणूस फार दिवस दिसत नाही. वायरमनने अठ्ठावीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता, आणि वर्षभर तो स्वतःचा हात एकाच गाडीच्या क्लचवर तपासत होता. तो टेस्टर ठीक आहे की नाही, हे त्याने एकदाही बघितलं नव्हतं. ठिपके ठीक म्हणाला म्हणून ठीक.

पण तपासायचं कशावर? हलक्या, नव्या गाडीचा क्लच दाबून काय कळणार? तशीच गाडी हवी. तेच मॉडेल, तेवढीच जुनी. गावात अशी एक गाडी होती. एकोणीस वर्षांपूर्वी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच रंगाच्या दोन गाड्या बाहेर पडल्या होत्या. एक वायरमनची, दुसरी त्याच्या साडूची.

आणि साडूकडे या घरातलं कोणी दोन वर्षं गेलं नव्हतं.

भांडणाचं मूळ लहान होतं. साडूचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा, म्हणून सगळे त्यांना ‘काटेवाले’ म्हणत. दुकानदारांचे तराजू, रद्दीवाल्यांचे हुकाचे काटे, दवाखान्यातलं बाळं तोलायचं यंत्र, सगळं त्यांच्याकडे यायचं. त्यांची खात्री होती की जगात दोनच प्रकारच्या गोष्टी असतात: मोजलेल्या आणि थापा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ठिपकेकडे ब्रेक दुरुस्तीला दिला. ठिपके म्हणाला, एकदम मऊ करून दिलाय. काटेवाल्यांनी खिशातून हुकाचा काटा काढला, भर गॅरेजात, चार गिऱ्हाइकांसमोर, ब्रेकच्या लिव्हरला अडकवला, ओढला, आकडा मोठ्याने वाचला आणि म्हणाले, “आधी होता तेवढाच आहे.” दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी दुसऱ्या गॅरेजात नेली.

आकड्याचं ठिपके एक वेळ विसरला असता. गाडी दुसरीकडे नेली हे विसरणं शक्य नव्हतं. “घरचा मेकॅनिक असताना बाहेरचा पाना लावला! माझ्या धंद्याला तराजूत घालणारे हे कोण?” त्याने थोरल्या मेहुण्याचं तोंड बघायचं सोडलं, आणि वायरमनला बाजू निवडावी लागली. रोजची गाडी ठिपकेकडे, त्यामुळे बाजूही ठिपकेची. दोघी बहिणी मात्र रोज फोनवर बोलत होत्या. भांडण पुरुषांचं होतं आणि या दोघींना तेवढा वेळ नव्हता.

“जा,” बायको म्हणाली. “ताईला सांगते चहा टाकायला.”

“ठिपकेला कळलं तर?”

“त्याला कळायला तो रविवारी बाराच्या आधी उठतो कुठे?”

काटेवाल्यांच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान होतं. छताला हुकाचे काटे टांगलेले, भिंतीलगत तराजूची पारडी एकात एक रचलेली, टेबलावर पितळी वजनं उतरत्या क्रमाने उभी, शाळेतल्या रांगेसारखी. काटेवाल्यांनी दारातल्या वायरमनकडे चष्म्यावरून बघितलं.

“रस्ता चुकलात?”

“नाही. तुमच्या गाडीचा क्लच दाबायचाय.”

दोन वर्षांनी आलेल्या साडूने म्हणायचं हे पहिलं वाक्य नव्हे. पण काटेवाल्यांना लांबण आवडत नसे. ते उठले, मागच्या अंगणाचं दार उघडलं. “दाबा.”

गाडी भिंतीला लावलेली होती. तोच रंग, गुडघ्यांनी उडालेला तसाच. वायरमनने डावा हात मुठीवर ठेवला आणि सवयीने खांदा पुढे काढून ओढलं. लिव्हर इतक्या झटक्यात मुठीला येऊन आदळला की त्याची बोटं चिमटली.

त्याने पुन्हा ओढलं, चार बोटांनी, मग दोन. मग नुसत्या मधल्या बोटाने, जरा कष्टाने, पण ओढला गेला.

“काय झालं?” काटेवाल्यांनी विचारलं.

वायरमनने सगळं सांगितलं. त्या दिवशी तो दुसऱ्यांदा तेच सांगत होता आणि या खेपेला ते थोडं कमी खरं वाटत होतं. काटेवाल्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ‘दोन बोटांनी दाबून लोणी आहे म्हणाला’ या ठिकाणी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो दोन वर्षं साठवलेला होता.

“बोटांनी मोजतो तो!” ते म्हणाले. “थांबा.”

ते हुकाचा काटा घेऊन आले. आधी त्याला पाच किलोचं पितळी वजन लावलं. सुई पाचावर थांबली. “काटा खरा आहे,” त्यांनी जाहीर केलं, आणि मग तो स्वतःच्या गाडीच्या लिव्हरच्या टोकाला अडकवून लिव्हर मुठीला लागेपर्यंत ओढला. पाचाच्या थोडं वर. वायरमनच्या गाडीला अडकवला. सुई पाचाला थांबली नाही, सातालाही नाही. साडेनवाला लिव्हर मुठीला टेकला.

“जवळजवळ दुप्पट,” काटेवाले म्हणाले. “हात कोणाचाही गेला असता.”

गाड्या शेजारी शेजारी लावून दोघे उकिडवे बसले आणि जुळ्या भावांत फरक शोधावा तसा एकेक भाग बघू लागले. वरचा लिव्हर सारखा. केबलचं वळण सारखं. केबल खाली जिथे इंजिनाला मिळते तिथे एक आखूड लोखंडी दांडा असतो. केबल तो दांडा ओढते, दांडा एक दातेरी कणा फिरवतो आणि त्याने क्लच सुटतो. काटेवाल्यांच्या गाडीत तो दांडा केबलला आडवा उभा होता, चौकटीच्या कोपऱ्यासारखा. वायरमनच्या गाडीत तो आधीच केबलच्या दिशेने कलून बसला होता. दाराची कडी समोर न ओढता बाजूला ओढत राहावं, तसं केबल वर्षभर ओढत होती. जोर सगळा लागत होता, दार मात्र जेमतेम उघडत होतं.

“कण्याचा एक दाता चुकलाय,” काटेवाले म्हणाले. “कोणीतरी दांडा काढून एक दाता पुढे बसवलाय.”

कोणी, हे शोधावं लागलं नाही. दांड्याच्या बोल्टवर पिवळा ठिपका होता.

वायरमनला तो दिवस आठवला. गेल्या वर्षी, उन्हाळा सुरू होताना. केबल ताणून लांब झाली होती आणि आवळायला जागा उरली नव्हती. नवी केबल दुकानात नव्हती. ठिपकेने दांडा एक दाता सरकवून ढील काढून दिली. “चार दिवस चालवा, तात्पुरतं आहे, केबल आली की सरळ करतो.” केबल आली, घातली. दांडा सरळ करायचा राहून गेला. नव्या केबलच्या गुळगुळीतपणाने काही महिने ती चूक झाकली, मग केबल आतून कोरडी पडत गेली आणि चूक वर आली. हळूहळू आली, म्हणून कोणाला दिसली नाही. आणि ठिपकेच्या ठिपक्यावर कोण शंका घेणार? ठिपका होता म्हणजे काम झालेलं होतं.

“आता फोन लावा त्याला,” काटेवाले म्हणाले. “लावाच. मी बोलतो. नुसता आकडा सांगतो.”

“आधी पाना द्या.”

काम अर्ध्या तासाचं होतं. वरून केबल सैल केली, खालचं टोक सोडवलं, बोल्ट काढला. दांडा कण्यावर घट्ट बसला होता, तो हलवून हलवून वर काढला, एक दाता मागे आणला, पुन्हा बसवला. बोल्ट आवळताना पिवळ्या ठिपक्याचे दोन तुकडे झाले. केबलच्या वरच्या तोंडाला काटेवाल्यांनी कागदाची नळी गुंडाळली आणि तिच्यात तेल ओतत राहिले. थेंब थेंब खाली उतरलं. आधी काळं बाहेर आलं, मग तपकिरी, मग स्वच्छ. केबल जोडली, लिव्हरला बोटाच्या नखाएवढी ढील ठेवली. काटा अडकवला. साडेपाच.

वायरमन अजून हात पुसत होता. काटेवाल्यांनी तोच काटा खिडकीच्या गजाला बांधला आणि खालच्या कडीकडे बोट दाखवलं. “आता हात.”

“कशाला? गाडीचं कळलं ना.”

“गाडी बिघडलेली होती हे कळलं. हात चांगला आहे हे कुठे कळलं?”

काटेवाल्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे हे वायरमनला सकाळपासून ठाऊक होतं. गाडी आणि हात, दोन्ही एकदमच बिघडायला कोणाची बंदी नव्हती. तो उभा राहिला. आतून कपबशांचा आवाज येत होता. तेवढा एक क्षण त्याला वाटलं की चहा यावा आणि हे राहून जावं.

“आधी तुम्ही,” तो म्हणाला.

काटेवाल्यांनी खळखळ केली नाही. नियम त्यांनाही मान्य होता. त्यांनी आधी उजव्याने ओढलं, मग डाव्याने, आणि आकडे वाचले. डावा उजव्यापेक्षा तीन किलोने कमी. मग वायरमन. उजवा हात: बेचाळीस. डावा हात कडीवर ठेवला, बोटं आवळली, डोळे सुईवर नाही, गजावर ठेवले.

“चाळीस,” काटेवाले म्हणाले. “अजून एकदा.”

एकोणचाळीस. मग पुन्हा चाळीस.

“डावा तो डावाच,” काटेवाले काटा सोडवत म्हणाले. “दोन किलोला कोणी हात गेला म्हणत नाही. माझे तीन आहेत आणि मी पाच मुलींची लग्नं लावल्याइतका थकलेला दिसतो, एकही नसताना.”

मोठ्या मेहुणीने चहा आणला. “क्लच बघायला का होईना, आलात,” ती म्हणाली. “मी धाकटीला म्हणत होते, भांडायचंच असेल तर घरी येऊन भांडा म्हणावं. चहा तरी होईल.”

“फोनचं काय?” काटेवाल्यांनी पुन्हा विचारलं.

“नको.”

“मग यातून मला काय मिळालं?”

“चहा मिळाला ना.”

“तो माझ्याच घरचा!”

सोमवारी साडेनऊला वायरमन फोरमनच्या टेबलासमोर उभा होता. त्याने सांगितलं, “साहेब, टेस्टर बिघडलेला होता.” आणि बाकीचं चार वाक्यांत उरकलं. फोरमनने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. फक्त शेवटी म्हणाला, “हात.”

वायरमनने डावा हात पुढे केला. फोरमनने हस्तांदोलन करावं तसा तो धरला. वायरमनने बोटं आवळली. मग फोरमनने आपला हात सोडवून घेतला आणि टेबलाखाली नेऊन झटकला. त्याने खणातून अर्ज काढला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर त्या दिवशीच्या खांबांची यादी लिहून वायरमनच्या हातात दिली. पहिला खांब बाजारामागचा होता.

भाजीवालीने त्याला वर चढताना पाहिलं आणि टोपली दोन हात पलीकडे सरकवली. वायरमन वर पोहोचला, डाव्या हाताने खांब धरला, उजव्याने पट्टा काढला. पाच-सहा श्वास लागले. त्याने ते घेतले.

महिन्याभराने गाडी तेल बदलायला ठिपकेकडे गेली. ठिपकेने स्टँडवर घेतली, सवयीने क्लच दोन बोटांनी दाबला आणि थांबला. वायरमन बाकावर पेपर वाचत होता. ठिपकेने पुन्हा दाबला. मग तो खाली वाकला आणि इंजिनाजवळ, दांड्याच्या बाजूला, तेल बदलायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ वाकून राहिला.

उठला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. “भाऊजी,” तो म्हणाला, “हात आता बरा दिसतोय तुमचा.”

“हो. आता त्रास नाही.”

“मी म्हणालोच होतो, हाताचं बघा.”

“म्हणाला होतास.”

ठिपकेने रंगाची डबी उघडली, काडी बुडवली आणि दांड्याच्या बोल्टवर, जुन्या ठिपक्याच्या दोन तुकड्यांवर, एक नवा पिवळा ठिपका दिला. मग डबीचं झाकण लावत, वायरमनकडे न बघता विचारलं, “काटेवाले कसे आहेत?”

“बरे आहेत. चहा चांगला करतात त्यांच्याकडे.”

“हं,” ठिपके म्हणाला, आणि तेलाचा नट सोडवायला बसला.